पोत्याच्या मधला माणूस

बालाघाटच्या टिकारामजी पटले यांच्या राइस मिलमध्ये त्या साली फेब्रुवारीत जांभयांची साथ आली. जेवणाची सुटी संपून पट्टा पुन्हा फिरू लागला की थोड्याच वेळात काट्यावरचा हमाल तोंड उघडी. त्याला पाहून पोती शिवणारा. त्याच्यानंतर सुपं घेऊन बसलेल्या बाया, ओळीनं, आणि सर्वांत शेवटी बॉयलरजवळचा मिस्त्री. क्रम कधी बदलत नसे. साथ ऑफिसच्या बाजूनं निघे आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला कोंड्याच्या ढिगाशी पोचून थांबे, कारण त्यापलीकडे फक्त बैल बांधलेला असे. बैलाचं नक्की सांगता येत नाही. तो तोंड कशासाठी उघडतो हे त्यालाच ठाऊक.

यात कोणाचं फारसं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते वारासिवनीचे प्रेमलालजी भेटीला आले त्या दिवशी. प्रेमलालजींचीही राइस मिल होती, थोडी मोठी, आणि ती थोडी मोठी आहे हे ते येतील तेव्हा सांगत. पांढरंशुभ्र धोतर नेसून ते आवारात उभे असताना सुखराम हमाल पाठीवर पोतं घेऊन जवळून चालला होता. त्याला जांभई आली. जांभई देताना माणूस डोळे मिटतो. सुखरामनंही मिटले, आणि उघडले तेव्हा पाठीवर पोतं नव्हतं. ते प्रेमलालजींच्या पायाशी फुटलं होतं आणि प्रेमलालजी गुडघ्यापर्यंत तांदळात उभे होते.

प्रेमलालजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले.

"टिकारामभाऊ, तुमच्या मजुराइचं मन नाई कामात. माह्या मिलमधी बी असंच होतं. मी मंग औद्योगिक मानसशास्त्र सल्लागार बलावले. रायपूरहून."

"काय बलावले?"

"औद्योगिक मानसशास्त्र सल्लागार," प्रेमलालजी पुन्हा म्हणाले, अगदी सावकाश, पेढा जिभेवर विरघळवावा तसे. "आता कोनी जांभई देऊन दाखवा."

टिकारामजींनी ते गेल्यावर तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. तिन्ही वेळा 'शास्त्रा'पाशी अडखळले. आपल्याला न येणारा शब्द प्रेमलालला येतो, हे त्यांना सांडलेल्या तांदळापेक्षा जास्त लागलं.

"मुनीमजी!" त्यांनी हाक मारली. "आपल्याले बी ते मनवाले पायजे. पन रायपूरवाले नको. प्रेमलालचं उष्टं आपुन नाई खात. दुसरे पाहा. तुमीच निवडा."

मुनीम शालिकरामजी "हौ जी" म्हणाले. ते टिकारामजींच्या वडिलांच्या काळापासून ऑफिसच्या गादीवर बसत होते आणि मालक जे म्हणतील त्याला "हौ जी" म्हणत होते. त्या दिवशी त्यांना त्यात काही धोका दिसला नाही.

धोका रविवारी घरी आला. शालिकरामजींच्या बायकोचा, रुख्माबाईंचा, मावसभाऊ तेजराम हा प्रेमलालजींच्याच मिलमध्ये मुनीम होता. तो वारासिवनीहून आला आणि ओसरीवर बसून भिंतीकडे पाहत राहिला.

"काय झालं जी, तेजरामभाऊ?"

"ते मनवाले आलते. मले इचारलं, तुमी दिवसभर काय करता? मी म्हनलं, बसतो." तेजरामनं भिंतीवरची नजर काढली नाही. "खरं सांगतलं. मुनीम बसत नाई तं काय उडते?"

"मंग?"

"मंग त्यानं मान हालवली. आठ दिवसानं प्रेमलालजी म्हने, तेजराम, बसाचंच हाये तं आता घरीच बसा."

रुख्माबाई आतून भाताचं पातेलं घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. "म्हनजे आता तुमचं बी तसंच," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काहून? मी काम करतो!"

"कोन्तं?"

शालिकरामजींनी विचार केला. भात वाढून झाला, त्यावर वरण पडलं, वरणावर साय धरली, तरी त्यांचा विचार चाललाच होता. हिशेब होता, पण तो सकाळीच आटपे. चिठ्ठ्या होत्या, पण त्या क्वचित. दुपारी जेवण झाल्यावर ते लोडाला टेकत आणि डोळे उघडे ठेवून थोडं झोपत. ही कला त्यांनी बऱ्याच वर्षांनी साधली होती, पण ती काम म्हणून सांगता येण्यासारखी नव्हती.

त्या रात्री अंथरुणावर त्यांना उपाय सुचला. मनवाले यायचे टळत नाहीत. पण निवडायचे आपणच आहेत. मग असे निवडावे की ज्यांना कोणाच्या मनातलं काहीएक कळत नाही. उभ्या मुलुखात सर्वांत कुचकामी कंपनी शोधायची आणि तीच मालकाच्या गळ्यात बांधायची.

शालिकरामजींचा साडू भरवेलीच्या खाणीत स्टोअर सांभाळत असे. त्याच्याकडून त्यांनी तीन पत्ते आणले: एक मुंबईचा, एक जबलपूरचा, एक नागपूरचा. कोणती कंपनी सर्वांत वाईट असं साडूला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वाईट पायजे? लोक चांगली मांगतेत." शालिकरामजींनी विषय बदलला.

पण पत्रं लिहायला बसले तेव्हा मालक मध्ये आले. भिंतीवरची परखी त्यांनी काढून हातात घेतली होती. परखी म्हणजे पोत्यात खुपसून नमुन्याचे दाणे काढायची टोकदार लोखंडी नळी. विचार करायचा असला की टिकारामजी ती हातात घेत.

"मुनीमजी, पोत्याचं तोंड सोडून वरचे दाने पाहून कोनी सौदा करते का?"

"नाई जी."

"काहून नाई करत?"

"वर चांगलाच माल भरतेत."

"अन बुडाले?"

"बुडाले तुकडा, खडे."

"मंग खरा माल कुठं राह्यते?"

"मधात जी."

"हां!" मालकांनी परखी हवेत खुपसली. "या मनवाल्याइचा बडा सायब येईल, गोड बोलंल, आपुन फसू. चपराशी येईल, त्याचा काही उपेग नाई. त्याईले लिहा, मधला मानूस पाठवा. नमुना पसंत पडला तं सारं पोतं घेतो."

शालिकरामजींना आत कुठेतरी बरं वाटलं. असं पत्र वाचून कुठलीही शहाणी कंपनी येणार नाही. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तीन पत्रं लिहिली. 'आपल्या संस्थेच्या मधोमध असलेला एक इसम नमुन्यादाखल पाठवण्याची कृपा करावी. पसंतीस उतरल्यास संपूर्ण संस्था घेण्यात येईल.'

मुंबईहून उत्तरादाखल एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर उंच इमारतीचं चित्र होतं. मालकांनी ती उलटीसुलटी केली, वास घेतला आणि ठेवून दिली. "हा पोत्यावरचा छापा हाये. माल कुठं हाये?"

जबलपूरहून पोस्टकार्ड आलं. 'आम्ही दोघे सख्खे भाऊच संस्था चालवतो. आमच्या मध्ये कोणी नाही. दोघांपैकी हवा तो येईल.' खाली एक ओळ होती. 'मिलला वापरलेली हार्मोनियम हवी असल्यास तेही कळवावे.'

शालिकरामजींनी ते कार्ड छातीशी धरलं. हीच ती! हार्मोनियम विकणारे मनवाले! ते मालकांपुढे गेले आणि कधी नव्हे ते आपणहून बोलले. "मालक, जबलपूरवाले सर्वाईत चांगले वाटतेत मले. घरचे लोक हायेत. भाऊ-भाऊ हायेत. मनाचं भावाले नाई कळंल तं कोनाले कळंल?"

"पन मधात कोनी नाई म्हनते नं?"

"नाई जी."

"ज्या पोत्याले मधलं अंगच नाई, ते पोतं रिकामं राह्यते, मुनीमजी," मालक कनवाळूपणे म्हणाले. "तुमी भोळे हा."

दुसऱ्या दिवशी नागपूरची तार आली. मधला इसम निघाला होता.

गोंदियाहून येणारी छोटी गाडी बालाघाटला टेकली आणि तिच्यातून इस्तरीचा सदरा घातलेला, हडकुळा, चाळिशीचा एक माणूस उतरला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि चेहऱ्यावर, आपल्याला इथे का पाठवलंय ते कोणी सांगेल तर बरं, असा भाव होता. शालिकरामजी त्याला चहाच्या टपरीवर घेऊन गेले.

"तुमीच का जी मनवाले?"

"नाई नाई. मी हिशेबवाला. पुनाराम मेश्राम."

"म्हनजे?"

"तुमचं पत्र आलं नं, ते डॉक्टरसायबाईनं चार वेळा वाचलं. मंग म्हने, या गिऱ्हाइकाची मनोवृत्ती लय खोल दिसते. आमाले सर्वाईले भिंतीले लावून उभं केलं. डॉक्टर पह्यले, मंग त्याईचे असिस्टंट, मंग मी, मंग टायपिस्टबाई, मंग चपराशी. मी मधात निंगालो." पुनारामनं उसासा सोडला. "मी म्हनलं, सायेब, मले मानसशास्त्र येत नाई. ते म्हने, पत्रात तशी अट नाई."

शालिकरामजींनी बशी खाली ठेवली. आपल्या नशिबावर त्यांचा विश्वास बसेना. "खरं सांगा, मेश्रामजी. समोरच्याच्या मनातलं तुमाले काही कळते?"

"मले? काल बायको रुसली, ते मले आज गाडीत कळलं."

शालिकरामजींनी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला आणि वर भजी सांगितली.

मिलमध्ये टिकारामजींनी नमुना उजेडात घेतला. दाराशी उभा करून पुढून पाहिला, मागून पाहिला. थोडं अंतर ठेवून एक डोळा मिटून पाहिला.

"दिसाले साफ हाये. आता शिजवून पाहू."

पुनारामनं पिशवी छातीशी धरली. "काय करून पाहू?"

"भिऊ नका," शालिकरामजी त्याच्या कानात म्हणाले. "कामावर बसवून पाह्यतेत."

"मुनीमजी," मालक म्हणाले, "त्याले तुमच्या गादीवर बसवा. तिथून सारी मिल दिसते. दोनचार दिवसात समजंल, फुगते का गिचका होते."

शालिकरामजींनी आनंदानं जागा दिली. लोड स्वतः थोपटून नीट केला. हा बिचारा हिशेबवाला इथे बसून काय करणार? मजूर जांभया देतील, मालक वैतागतील, सारं पोतं परत जाईल आणि मनवाल्यांचा विषय कायमचा संपेल. जेवण झाल्यावर ते समाधानानं मागच्या गोदामात गेले आणि रिकाम्या बारदानावर, खूप वर्षांनी, डोळे मिटून झोपले.

जाग आली ती गाण्यानं. सुखराम हमाल पोतं वाहता वाहता गात होता. बाया सुपं नाचवत खिदळत होत्या. शालिकरामजी गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले. उन्हं कलायला लागली होती, म्हणजे साथीची वेळ उलटून गेली होती, आणि एकाही माणसाचं तोंड विनाकारण उघडं नव्हतं. नवल वाटून ते पाहत राहिले आणि झोपेतून उठलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. मोठी, ऐसपैस जांभई दिली.

समोर सुखरामचं गाणं मध्येच थांबलं आणि त्याचं तोंड उघडलं. मग पोती शिवणाऱ्याचं. मग बायांच्या ओळीत पहिलीचं, दुसरीचं, तिसरीचं.

शालिकरामजींनी झटकन तोंडावर हात ठेवला आणि ते गोदामात मागे सरकले.

संक्रांतीनंतर मालकांनी ऑफिसची भिंत फोडून मोठी खिडकी करवली होती, मुनीमजींना सारे मजूर दिसावेत म्हणून. मजुरांनाही मुनीमजी दिसतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुपारची डुलकी संपली की गादीवर एक जांभई होई, काट्यावरचा हमाल ती खिडकीतून पाही, आणि पुढचं सगळं आपोआप होई. साथ कुठून निघते हे आता जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस अंधाऱ्या गोदामात तोंडावर हात धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी एकही जांभई झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मालक पुनारामकडे देव्हाऱ्याकडे पाहावं तसे पाहू लागले.

शालिकरामजींना आता एकच मार्ग दिसला. पुनारामनं गादीवर बसून एकदा, फक्त एकदा, सर्वांना दिसेल अशी जांभई द्यायला हवी होती. दुपारी ते त्याच्यासमोर जाऊन बसले, खिडकीकडे पाठ करून, आणि त्यांनी जांभई दिली. सुरुवात हळू, मध्ये रुंद, शेवटी आवाज. पुनारामचे डोळे पाणावले. कान किंचित हलले. तोंड मात्र शिवलेल्या पोत्यासारखं बंद.

शालिकरामजींनी आणखी एक दिली. पुन्हा कान हलले.

"मेश्रामजी," ते शेवटी म्हणाले, "तुमाले येत नाई का जी जांभई?"

"येते नं. आताच दोन दिल्या."

"कवा?"

"तोंड नाई उघडत मी. आमचे डॉक्टर रोज दुपारी दोन वाजता आमाले सर्वाईले बसवून मानसशास्त्र समजावून सांगतात. तोंड उघडलं तं त्याईचं मन दुखते. म्हनून आमी सर्वे बंद तोंडानं देतो. टायपिस्टबाई तं टाइप करता करता देते, अक्षर नाई चुकत."

शालिकरामजी उठले आणि सरळ मालकांकडे गेले. "मालक, नमुना पाहून झाला. आता परत पाठवाचा नं? त्याईचे डॉक्टर वाट पाहत असतीन."

मालकांना खरोखर आश्चर्य वाटलं. "मुनीमजी, नमुना कोनी परत देते का? मूठभर दाने काढले का ते आपले. माह्या बापानं आयुष्यात घरी तांदूळ इकत नाई घेतला. सारा नमुन्याचा खाल्ला." ते पुढे झुकले. "पोतं आपल्याले नकोच. नमुनाच ठेवून घेऊ."

"अन मी?"

"तुमी..." मालकांनी आवारभर नजर फिरवली. ती आवाराच्या टोकाला जाऊन थांबली. "तुमी सध्या कोंड्याकडं पाहा."

पुनाराम संध्याकाळी कोंड्याच्या ढिगाशी आला आणि ओशाळून उभा राहिला. "मुनीमजी, तुमच्या गादीवर बसाले मले बरं नाई वाटत. मी चाललो बी असतो. पन तिथं दोन वाजले का..." त्याच्या अंगावर काटा आला.

घरी रुख्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कोंड्याकडं काय काम हाये?"

"पाहाचं."

"अन बैल?"

"बैल बी पाह्यते."

"मंग त्याले तरी इचारा," रुख्माबाई म्हणाल्या, "तो हाये तं तुमाले काहून ठेवलं." आणि आत जाऊन त्यांनी भांडी जरा जोरातच घासली. तेजराम घरी बसला तेव्हा त्याच्या घरच्या भांड्यांचाही असाच आवाज येत असे, हे शालिकरामजींना आठवलं. कोंड्याकडून पुढची पायरी फाटकाबाहेरचीच होती.

इकडे मिलमध्ये दुपारी जागं राहायची सवय कोणाला नव्हती. ती लागली तशी माणसं इकडेतिकडे पाहू लागली. पाखडणाऱ्या बायांत दुर्गाबाई सर्वांत वडील. तिच्या प्रथम लक्षात आलं की पाण्याचा माठ दिवसभर उन्हात असतो. मग पत्र्याला भोक आहे ते दिसलं. मग एका संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला तेव्हा ती सूप खाली ठेवून खिडकीशी आली.

"हिशेबवाले भाऊ, भोंगा कितीले वाजाले पायजे?"

"पाचले," पुनाराम म्हणाला.

"अन आता किती वाजले?"

पुनारामनं मनगटावर पाहिलं. हिशेबाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. "साडेपाच."

"आमी अर्धा घंटा कोनासाठी राबलो मंग?"

"ते मालकाले इचारा."

"हौ," दुर्गाबाई म्हणाली. "इचारतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुटी संपत आली असताना फाटकाशी टांगा थांबला आणि नागपूरचे डॉक्टर उतरले. ठेंगणे, गोरेमोरे झालेले, गळ्यात टाय.

"माझा माणूस कुठे आहे?" ते ऑफिसात शिरत म्हणाले. "तो गेल्यापासून आमच्याकडे चहाची साखर कुठे असते हेसुद्धा कोणाला सांगता येत नाही!"

"बसा जी," टिकारामजी म्हणाले. "नमुना पसंत पडला. ठेवून घेतला."

"माणूस हा नमुना असू शकत नाही!"

"तुमीच पाठवला नं?"

"तो परत करण्यासाठी!"

"तसं पत्रात नाई," मालक शांतपणे म्हणाले. गादीवरचा पुनाराम लोडामागे जमेल तितका लहान झाला. शालिकरामजी कोंड्याकडून सगळं सोडून धावत आले होते आणि दाराला चिकटून उभे होते. डॉक्टर माणूस नेतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दारात दुर्गाबाई, तिच्यामागे बाया, बायांमागे सुखराम आणि हमाल. सगळ्यांचे डोळे लख्ख उघडे.

"मालक," दुर्गाबाई म्हणाली, "भोंग्याचं इचाराचं होतं. अन माठाचं. अन पत्र्याचं."

डॉक्टर उठून उभेच राहिले. "वा! किती जागृत कामगार! अशी सजगता मी नागपुरातही पाहिली नाही!"

टिकारामजींचा चेहरा उतरला. प्रेमलालच्या धोतरावर तांदूळ सांडणारे, डोळे मिटून चालणारे, काही न विचारणारे आपले मजूर त्यांना आठवले. ते डॉक्टरांच्या कानाशी लागले. "डॉक्टर, याईले पह्यलेसारखं करून द्या नं."

"छे! हा काही आजार नाही."

शालिकरामजींनी दार सोडलं. हीच वेळ होती. ते मालकांच्या दुसऱ्या कानाशी गेले. "मालक, जांभया होत्या तवा गादीवर कोन बसत होतं?"

"तुमी."

"अन बंद झाल्या तवा?"

मालकांनी गादीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग खिडकीपलीकडच्या काट्याकडे. मग फार हळूहळू शालिकरामजींकडे. एरवी त्यांनी मुनीमजींना तिथल्या तिथे फाटक दाखवलं असतं, पण दारात दुर्गाबाई उभी होती.

"मुनीमजी," ते कुजबुजले, "बसा. बसा तुमच्या जागेवर. अन द्या."

"काय देऊ?"

"जांभई द्या! लवकर!"

पुनारामनं गादी रिकामी केली. शालिकरामजी तिच्यावर बसले, लोडाला टेकले आणि त्यांनी तोंड उघडलं.

काहीच झालं नाही. हवा आत गेली आणि तशीच बाहेर आली. त्यांनी तोंड आणखी उघडलं. आयुष्यभर न बोलावता आलेली जांभई, आज सारं पणाला लागलेलं असताना, जवळपासही फिरकेना. कपाळावर घाम आला. जबडा दुखू लागला. मालक डोळ्यांनी त्यांना विनवत होते.

"मुनीमजीचा दात दुखून राह्यला का?" दुर्गाबाईनं विचारलं.

"किडला असंल," सुखराम म्हणाला. "लवंग धरा, मुनीमजी."

आणि त्याच वेळी डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. समोर एवढे जागृत श्रोते. त्यांनी टाय नीट केला. पुनारामनं ते पाहिलं आणि डोळे मिटून भिंतीचा आधार घेतला.

"मित्रहो," डॉक्टर म्हणाले, "या निमित्तानं उद्योगातील मनोबलाविषयी दोन शब्द सांगतो. मनोबल म्हणजे काय? ते समजण्यापूर्वी मन समजलं पाहिजे. आणि मन समजण्यापूर्वी, समजणं म्हणजे काय, हे आपण पाच भागांत पाहू. पहिल्या भागाचे पुन्हा तीन पोटभाग पडतात..."

दुसऱ्या पोटभागाच्या आसपास शालिकरामजींना पायाच्या अंगठ्यात काहीतरी जाणवलं. ते पोटरीतून वर आलं, पाठीतून मानेत शिरलं, आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं. ती जांभई त्यांच्या सगळ्या नोकरीतली सर्वांत मोठी होती. सुखरामनं ती घेतली. त्याच्याकडून हमालांनी, हमालांकडून बायांनी. बॉयलरचा मिस्त्री कशासाठी गर्दी झाली ते पाहायला आला होता, तो आल्या आल्या सामील झाला. भिंतीशी पुनाराम हिमतीनं लढत होता. त्याचे कान हलले, नाक थरथरलं, आणि मग कित्येक वर्षं न उघडलेल्या दारासारखा आवाज करत त्याचंही तोंड उघडलं. डॉक्टर तिसऱ्या पोटभागाचं नाव घेत होते. ते त्यांना पुरं घेता आलं नाही.

मजूर एकेक करून सावलीकडे सरकले. दुर्गाबाई काहीतरी म्हणणार होती. ते तिला आठवेना.

"सौदा पक्का!" टिकारामजींनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "सारं पोतं घेतलं. तुमी महिन्यातून एकदा या अन असंच समजावून सांगा. बाकीचे दिवस आमचे मुनीमजी पाह्यतीन."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. व्याख्यान ऐकून सौदा करणारं गिऱ्हाईक त्यांना प्रथमच भेटलं होतं. "आणि माझा माणूस?"

"न्या न्या. चांगला हाये, पन जागा राह्यते."

पुनाराम पिशवी भरू लागला.

"अन मुनीमजी, तुमी आता गादी सोडाची नाई," मालक म्हणाले. "खिडकी अजून मोठी करू. काट्यापासून बॉयलरपर्यंत सर्वाईले तुमी दिसले पायजे."

शालिकरामजींनी लोडावर हात फिरवला. लोड थंडगार होता. रुख्माबाईंना आज काय सांगायचं ते त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं.

पदरानं डोळे पुसत दुर्गाबाई एकटीच खिडकीशी परत आली. "मुनीमजी, भेटली का जागा?"

"हौ बाई. भेटली."

"बरं झालं. कोंड्यात बसलेले चांगले नोते दिसत." ती जरा थांबली. "तुमची ते जांभई जेवल्यावरच येते नं?"

"हौ."

"सकाळी?"

"सकाळी नाई येत."

"मंग आमी उद्या सकाळीच येतो," दुर्गाबाई म्हणाली, "भोंग्याचं इचाराले." आणि सूप काखेत मारून ती चालू लागली.

शालिकरामजींनी आत वळून पाहिलं. भिंत कुठपर्यंत फोडायची ते मालक डॉक्टरांना दोन्ही हात पसरून दाखवत होते. त्यांना हे लगेच सांगायला हवं होतं. शालिकरामजींनी सांगण्यासाठी तोंड उघडलं, आणि जांभई आली.